आगाराची ठेच

आमच्या बस-आगाराच्या फुटबॉल संघाला प्रतिस्पर्धी पुष्कळ असले, तरी आमच्या मंडळात त्यांची वर्गवारी तीनच शब्दांत होत असे : डोंगर, वैरी आणि ठेच. हे शब्द क्रीडाविषयक कोणत्याही ग्रंथात सापडावयाचे नाहीत. ते आमच्या आसन-दुरुस्तीच्या शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, फाटक्या सीटांवर मांडी घालून बसलेल्या माणसांच्या तोंडून जन्मास आले आहेत, आणि त्यांचा अर्थ आम्ही जितक्या काटेकोरपणे जपतो तितका काटेकोरपणा, मला वाटते, न्यायालयातही क्वचितच आढळत असेल.

डोंगर म्हणजे जो सर्वांनाच भारी पडतो तो. बंदराचा संघ हा आमचा डोंगर. त्याच्याकडून पराभव झाला तर मनुष्य निमूटपणे घरी जातो, जेवतो आणि झोपतो. वैरी म्हणजे शेजारी. वीजघराचा संघ आमच्या भिंतीपलीकडेच सराव करतो. त्यांचे आणि आमचे पिण्याच्या पाण्यावरूनसुद्धा वाकडे आहे. त्यांच्याकडून हरल्यास मनुष्य जेवत नाही, परंतु आपण का जेवत नाही हे त्यास पक्के ठाऊक असते. ठेच ही वस्तू मात्र निराळी. सपाट रस्ता, लख्ख ऊन, मनात कसलीही काळजी नाही, आणि ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते अशा एखाद्या दगडाने अंगठा फोडावा, तशी ती असते. गुणतक्त्याच्या तळाशी लोळणारा, ज्याच्या-त्याच्याकडून मार खाणारा, आणि आमच्यासमोर उभा राहिला की अंगात वारे शिरल्यासारखा खेळणारा संघ, तो ठेच.

ठेचेच्या सामन्यासाठी आमच्यात एक नियम होता. त्या दिवशी मंडळातील कोणीही मैदानावर पाऊल ठेवावयाचे नाही. एका हंगामात जादा गाड्या सोडाव्या लागल्यामुळे आम्हा कोणालाच रजा मिळाली नाही, आणि नेमके त्याच दिवशी आमच्या संघाने तेव्हाची ठेच असलेल्या गिरणीच्या संघाला धूळ चारली. त्यावरून मुकादमांनी असा निष्कर्ष काढला की, अडथळा खेळाडूंच्या पायांत नसून आमच्या डोळ्यांत आहे. पुढे नियम पाळूनही कधी संघ हरला, तर नियम खोटा ठरत नसे. तो कोणी मोडला याचा शोध सुरू होई. एकदा टायरवाला खोकल्याचे औषध आणावयास मैदानाच्या मागच्या फाटकावरून सायकलने गेला होता, तर संपूर्ण पराभव त्याच्या खोकल्याच्या माथी मारण्यात आला. हे वाचून कोणी हसेल. हसणाऱ्याने आधी एखाद्या संघावर आमच्याइतका जीव लावून पाहावा.

दगड जागा बदलतो, असे मुकादमांचे मत असल्यामुळे ठेच कोण, हे दर हंगामाच्या आरंभी नव्याने ठरवले जाई. या वर्षीचे वेळापत्रक आगाराच्या फलकावर लागले तेव्हा गिरणीविरुद्धचा सामना अगदी आरंभीच असल्याचे दिसले. त्याच्या वर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती : त्याच मैदानावर, त्याच दुपारी, पुरुषांच्या सामन्याआधी महिलांचा सामना. आमच्या क्लबाने प्रथमच महिलांचा संघ उभा केला होता, आणि त्यात उजव्या बगलेला खेळणारी मुलगी माझी होती.

तिला घरीदारी सारे भिंगरी म्हणतात. लहानपणी ती एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडले. आता ती चष्म्याच्या दुकानात भिंगे घासण्याचे काम करते, त्यामुळे नाव धंद्यावरून आले असा पुष्कळांचा समज होतो. दुकानातून परतल्यावर ती आमच्या गल्लीत भिंतीवर चेंडू मारीत बसे आणि समोरची शेजारीण धाडकन खिडकी लावून घेई. तिचा खेळ मी आजवर जिन्यातून पाहिला होता. चुन्याच्या रेघा आखलेल्या मैदानात, पंचाच्या शिट्टीवर, आमच्या आगाराचा निळा सदरा घालून धावताना ती मला पाहावयाची होती. गिरणी ठेच ठरली तर मला मैदान बंद होते. दुसरा कोणी ठेच ठरला तर उघडे होते.

म्हणून चर्चेस पहिले तोंड मी फोडले. वस्तुतः मी असे कधी करीत नाही. मी आगारातील गाड्यांच्या सीटा शिवतो, म्हणून सारे मला गादीशेठ म्हणतात. माझ्या एका हातात वाकडी सुई, दुसऱ्या हातात दाभण आणि दातांत मेण लावलेला दोरा असतो, त्यामुळे बोलणे इतरांकडेच राहते. त्या दिवशी मी दोरा तोंडातून काढला.

"माझं म्हणणं असं आहे," मी म्हणालो, "की यंदा ठेच वीजघर."

टायरवाल्याचा घास हातातच राहिला. "गादीशेठ, तब्येत बरी आहे ना? वीजघर वैरी आहे."

"वैरी ठेच होऊ शकत नाही असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नसेल, पण तूच सांगितलंस! गेल्या वर्षी, ह्याच सीटवर बसून. ज्याचा राग येतो तो वैरी, ज्याची लाज वाटते ती ठेच. मला इतकं पटलं की मी घरी जाऊन बायकोला ऐकवलं."

"मग वहिनी काय म्हणाल्या?" माझ्या मेव्हण्याने विचारले. हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, आमच्याच आगारात कंडक्टर. कोणाशीही बोलताना तो तिकीट तपासत असल्यासारखा बोलतो.

"म्हणाली, मग माझी ठेच तुम्ही."

शेडमध्ये हशा उसळला. मुकादमांनी डब्याच्या झाकणावर चमचा आपटला. मुकादम आमच्या मंडळात सर्वांत वडील, आणि निर्णय जाहीर करण्याचा मान त्यांचा. "हसू नका. त्याला मुद्दा मांडू द्या. बोल रे."

मी मुद्दा मांडला. वीजघराचा एक खेळाडू बाहेर काढला गेला असतानाही त्यांनी आम्हाला हरवले होते. आमचा पेनल्टीचा फटका खांबावर आदळून परत आला होता. याला दैव म्हणावे नाही तर काय?

"दाजी," मेव्हणा म्हणाला, "त्यांचे पुढचे दोन खेळाडू चांगले आहेत. चांगले खेळतात म्हणून जिंकतात. ह्याला ठेच नाही म्हणत. ह्याला फुटबॉल म्हणतात."

"आणि गिरणीचा गोली आठव," मुकादम म्हणाले. "त्याला समोरून येणारी बस दिसत नाही, चेंडू काय दिसणार? बंदरानं त्याला पोतंभर गोल मारले. आणि आपल्याविरुद्ध? तो पाठ करून उभा होता. आपल्या पोरानं मारलेला चेंडू त्याच्या पाठीला लागून बाहेर गेला. पाठीला!"

पाठीचा उल्लेख होताच सर्वजण खाली मान घालून जेवू लागले. त्या आठवणीवर आमच्यात कोणीही मोठ्याने बोलत नाही.

थोड्या वेळाने मेव्हण्यानेच मला पकडले. "खरं सांगा दाजी. भिंगरीची मॅच आहे म्हणून ना?"

मी दोरा ओवण्याचे निमित्त केले. सुईचे भोक मला दिसेना.

"मग एक करा ना," टायरवाला म्हणाला. "पोरीची मॅच बघायची आणि मोठी सुरू व्हायच्या आत निघायचं."

मुकादमांनी यावर मनापासून विचार केला. ते मनाने वाईट गृहस्थ नव्हेत; किंबहुना माझ्या अडचणीतून वाट निघाली असती तर त्यांनाच अधिक आनंद झाला असता. "माती तीच ना?" ते म्हणाले. "पाऊल एकदा पडलं की पडलं. मुलींच्या मॅचला पडलेलं पाऊल मोठ्या मॅचला पुसलं जातं का? नाही बाबा. नियम म्हणजे नियम." इतक्यात कामाचा भोंगा झाला आणि निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला.

घरी आलो तेव्हा पत्नी इस्त्री करीत होती, आणि भिंगरी जमिनीवर बसून जुन्या दातांच्या ब्रशने बुटांचे खिळे साफ करीत होती.

"बाबा, मामा आला होता. तुमची सभा चालू आहे म्हणे."

"चालू आहे."

"गिरणी ठरली तर?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"अहो, ठरायचंय काय त्यात?" पत्नी म्हणाली. तिने इस्त्री अशी दाबली की सदऱ्यातून वाफ निघाली. "पोरीचा पहिला सामना. एका दगडापायी घरात बसणार?"

"दगड नाही, ठेच."

"तेच ते. तुमचा अंगठा शाबूत आहे. फुटली असेल तर अक्कल."

भिंगरी हसली, परंतु मान वर न करता म्हणाली, "आई, राहू दे. बाबा आले आणि मोठा संघ हरला, तर सगळे काय म्हणतील? पोरीला बघायला गेला आणि घात केला. माझ्यामुळे नकोच."

तिच्या आवाजात मी तक्रार शोधली. ती सापडली असती तर मला बरे वाटले असते. मी खिडकीपाशी गेलो, तेथून दारापाशी गेलो, दारातील चपला सरळ केल्या, पुन्हा खिडकीपाशी आलो.

"बाबा, बसा ना एका जागी," ती म्हणाली. "भिंगरी मी आहे की तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होते न होते तोच टायरवाला धावत आला. हातांचे काळे न धुताच त्याने बोलावयास प्रारंभ केला. हरवलेला नट सापडावा तसा त्याचा चेहरा उजळला होता.

"मला कळलं! आपण सगळे चुकतोय. गिरणी नाही, वीजघर नाही. दगड आपल्याच दारात आहे. यंदा नवीन काय आहे? मुलींचा संघ! आपल्याच मैदानावर आधी त्या खेळणार, माती उकरणार, आणि त्याच मातीत मागून आपली पोरं धावणार. ह्याच्या आधी कधी झालं होतं का असं? यंदा हरलो तर कारण शोधत बसायला नको. ठेच म्हणजे त्याच."

त्याच्या मनात काडीचाही दुष्टपणा नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. भिंगरीला त्याने लहानपणी सायकलवरून फिरवले आहे. त्याला केवळ एक सिद्धांत सापडला होता, आणि सिद्धांत सापडलेला मनुष्य समोर कोण बसले आहे हे पाहत नाही.

मुकादम बराच वेळ घास चावीत राहिले. "ज्याच्याकडे आपण पाहिलं नव्हतं, ती ठेच," ते हळूच म्हणाले. "हं. शब्दाच्या अर्थात बसतंय खरं."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मजला मात्र घाम फुटला. आमच्या शेडमध्ये उच्चारलेला शब्द शेडमध्ये राहत नाही. संध्याकाळच्या पाळीचे ड्रायव्हर-कंडक्टर तो घेऊन निघतात आणि प्रत्येक थांब्यावर उतरवतात. वीजघर वैरी आहे हे या शहरात शाळेतील पोरांनाही ठाऊक आहे, ते आमच्यामुळेच. आता हा शब्द त्या मुलींच्या सदऱ्यांना चिकटला असता. मोठा संघ कोठेही, कोणाकडूनही हरला असता, तरी लोकांनी त्यांच्याकडे बोट दाखवले असते. आणि जी मुलगी आदल्या दिवशी ‘माझ्यामुळे नकोच’ म्हणाली होती, ती त्या शब्दाचे ओझे घेऊन उजव्या बगलेने धावली असती. किती दिवस धावली असती, कोण जाणे.

मी उठून उभा राहिलो. मांडीवरील दाभण खाली पडले.

"मुकादम, हात वर करून मत घ्या. ठेच गिरणी."

"अरे, काल वीजघर म्हणत होतास!"

"काल चुकलो. तो पाठीला लागून गेलेला चेंडू विसरलात सगळे? ज्याची लाज वाटते ती ठेच. गिरणीकडून हरल्याची आपल्याला लाज वाटते. आता मला सांगा, आपल्या मुलींची लाज कुणाला वाटते? ज्याला वाटते त्यानं हात वर करावा."

कोणीही हात वर केला नाही. टायरवाला स्वतःचे काळे हात पाहू लागला. "तसं नव्हतं रे म्हणायचं मला," तो पुटपुटला.

"मग गिरणी," मी म्हणालो.

पहिला हात मेव्हण्याचा वर गेला. हात वर करताना तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की मला मान वळवावी लागली. मग टायरवाल्याचा, मग इतरांचा, आणि शेवटी माझा. अशा रीतीने मी स्वतःच्या हाताने स्वतःला मैदान बंद करून घेतले.

सामन्याच्या दुपारी पत्नी डोक्याला रुमाल बांधून मेव्हण्याच्या बायकोसोबत मैदानाकडे गेली, आणि मी कोणी न बोलावता शेडमध्ये आलो. तेथे मुकादम आधीच येऊन बसले होते. ठेचेच्या दिवशी त्यांनाही घरात चैन पडत नसे. त्यांनी माठातून पाणी घेतले, प्यायले, भांडे विसळले आणि पुन्हा पाणी घेतले.

मी ड्रायव्हरच्या सीटचे रेक्झिन शिवावयास घेतले. थोडे शिवून झाल्यावर लक्षात आले की ते उलट्या बाजूने चढवले आहे. टाके उसवले. पुन्हा शिवावयास घेतले. आता शिट्टी झाली असेल, आता पहिल्यांदा तिच्या पायात चेंडू आला असेल, आता पडली असेल, आता उठली असेल, असे मनात चालले होते आणि हात आपोआप पुढे सरकत होता.

"अरे, अरे, काय करतोयस?" मुकादम ओरडले.

मी पाहिले. माझ्या सदऱ्याची बाही मी सीटला शिवून टाकली होती. पक्के, दुहेरी टाके. हात उचलला तर सगळी सीट माझ्यासोबत उठे.

मुकादमांनी कात्री आणून एकेक टाका कापला. त्यांना हसू आले नाही आणि मलाही नाही. बाही सुटताच मी उभा राहिलो.

"कुठं निघालास?"

"पाय मोकळे करून येतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माठाकडे पाहिले. "ऊन आहे बाहेर," एवढेच ते म्हणाले.

मैदानावर मी पोहोचलो तेव्हा मध्यंतर होऊन गेले होते. प्रेक्षक थोडेच होते. बाकीचे पुढच्या सामन्याला येणार होते. पत्नीच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाने, उजव्या कोपऱ्यातील दोरीपाशी उभा राहिलो. दोन्ही बाजूंचे गोल कोरे होते. भिंगरी माझ्याच बाजूने धावत होती.

ती कशी खेळली, हे बाप म्हणून न लिहिता प्रेक्षक म्हणून लिहितो. मी पाहू लागलो तेव्हा ती वाईट खेळत होती. गल्लीत भिंत तिला चेंडू परत देत असे. येथे तिने मारलेला चेंडू कोणी परत देत नव्हते, आणि प्रत्येक वेळी ती क्षणभर वाट पाहत उभी राहत असे. हळूहळू तिला ते उमगले असावे. ती चेंडू देऊन न थांबता पुढे पळू लागली. एकदा तर तिने गिरणीच्या दोन मुलींना अशी हुलकावणी दिली की त्या एकमेकींवर आदळल्या. माझ्या तोंडून आवाज निघणार होता. मी तो उसवलेली बाही तोंडात धरून दाबला.

इतक्यात गिरणीच्या एका मुलीच्या पायाला लागून चेंडू रेषेबाहेर आला आणि घरंगळत थेट माझ्या पायाशी थांबला.

"काका, बॉल! लवकर!" भिंगरी धावत येता येता ओरडली.

मी चेंडू उचलला. चेंडू तिच्याकडे टाकला, तिने तो झेलला, आणि मगच तिने वर पाहिले.

"बाबा? तुम्ही?"

"खेळ, खेळ! बघू नकोस इकडे!"

पंचाने शिट्टी फुंकून घाई केली. तिने गडबडीने चेंडू डोक्यावरून टाकला आणि टाकताना तिचा मागचा पाय उचलला गेला. फाउल थ्रो. चेंडू गिरणीकडे गेला. त्यांनी तो लगेच लांब टाकला, आमच्या मुली अजून पंचाकडेच पाहत होत्या, आणि गिरणीच्या मुलीने एकटीने पुढे जाऊन गोल केला. सामना त्याच गोलावर संपला.

मला वाटले, आपण त्या क्षणी पळून जावे. परंतु मी दोरी धरून तेथेच उभा राहिलो. हाततोंड धुऊन, ओल्या केसांनी, बूट हातात घेऊन ती थेट टाकीपाशी आली.

"माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. "मी यायला नको होतं. नियम उगाच नसतात."

"काय माझ्यामुळे? पाय माझा उचलला गेला."

"मी दिसलो म्हणून."

"बाबा, फाउल थ्रो माझा होता." ती इतकी संतापली होती की तिच्या डोळ्यांत पाणी आले. "पहिल्या मॅचमध्ये मी एक चूक केली, ती तरी माझ्याकडे राहू द्या. तीही तुम्हीच घेणार?"

ती दोरीखालून येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने पत्नीही आली. तिने मला पाहून नुसत्या भुवया उंचावल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली. मोठा सामना सुरू झाला होता. पाऊल तर पडलेच होते, तेव्हा मी राहिलो.

आमचा संघ चांगला खेळला. गिरणीचा तोच गोली, आणि चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्या गुडघ्याला, खांद्याला, एकदा कानाला लागून परत येत होता. शेवटी शेवटी गिरणीच्या एका खेळाडूने दुरूनच एक मरतुकडा फटका मारला. आमचा गोली निवांतपणे खाली वाकला. त्याच्या पुढ्यात, मुलींच्या सामन्यात उकरले गेलेले मातीचे ढेकूळ होते. चेंडू त्यावर आपटून उसळला आणि गोलीच्या डोक्यावरून जाळ्यात गेला.

भिंगरीने माझा हात घट्ट धरला. आम्हा दोघांच्याही मनात, मला वाटते, टायरवाल्याचेच शब्द आले असावेत. तिला ते मामाने सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये डबे उघडण्याआधीच टायरवाला उभा राहिला. "मला बोलायचं नव्हतं. पण माती! मी काय म्हटलं होतं? ढेकूळ कुणी उकरलं? मला त्या पोरींबद्दल काही नाही, पण अर्थ तर बघा!"

"अर्थ काय बघायचाय?" मेव्हणा म्हणाला, परंतु त्याच्या आवाजात जोर नव्हता. दोन-चार माना हलल्या. शब्द पुन्हा त्याच वाटेने निघाला होता, आणि या वेळी त्याच्या हातात पुरावा होता.

"मी गेलो होतो," मी म्हणालो.

"कुठं?"

"मैदानावर. काल."

"दाजी, गप्प बसा," मेव्हणा दबक्या आवाजात म्हणाला.

शेडमध्ये गलका झाला. मुकादमांनी झाकणावर चमचा आपटला. "किती वेळ होतास?" त्यांनी विचारले. त्यांना हे नवीन नव्हते, परंतु विचारणे त्यांचे कर्तव्य होते.

"शेवटपर्यंत."

"उभा कुठं होतास?" हे टायरवाल्याने विचारले.

"उजव्या कोपऱ्यात. टाकीपाशी."

"म्हणजे गोलाच्या अगदी रेषेत!" त्याने कपाळावर हात मारला. मातीचा सिद्धांत त्याने तत्क्षणी टाकून दिला. हा त्याहून भक्कम होता. "गादीशेठ! अरे, घरातलाच माणूस!"

मग वाद पेटला. ठेच हा संघ असतो, माणूस कसा असेल, असे काहींचे म्हणणे पडले. ज्याच्याकडे पाहिले नव्हते ती ठेच, आणि याच्याकडे कोण पाहत होते, असे इतरांचे. इतक्या वर्षांत प्रथमच मंडळाला शब्दाचा अर्थ ताणावा लागला, आणि तो ताणताना मंडळी इतकी रंगली की मुलींचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. अखेरीस मुकादमांनी निर्णय दिला. या हंगामात ठेच मी. पुरुषांच्या एकाही सामन्याला मी मैदानावर यावयाचे नाही. एवढेच नव्हे, मला गोलसंख्याही कोणी सांगावयाची नाही.

"आणि मुलींच्या सामन्यांना?" मी विचारले.

मुकादमांनी डबा बंद केला. "तिथं आपलं मंडळ जातच नाही. तिथला नियम आपल्याला काय माहीत?"

घरी मी हे सांगितले तेव्हा भिंगरीला आनंद होईल अशी माझी कल्पना होती. तिने हातातील ताट खाली ठेवले.

"परत तेच. माझा थ्रो, मातीचं ढेकूळ, सगळं उचललंत तुम्ही?"

"अगं, तुम्हाला ठेच म्हणणार होते ते."

"म्हणू देत की! पुढच्या मॅचला गोल मारून दाखवला असता मी त्यांना. आता काय दाखवू? तुम्ही ठेच म्हटल्यावर माझ्याकडे कोण बघतंय?"

तिचे म्हणणे बरोबर होते की माझे, याचा मी अजून विचार करतो. सीट शिवताना करतो, जिना चढताना करतो. महिलांच्या सामन्यांना मी आता उजळ माथ्याने जातो आणि पुढच्या रांगेत बसतो. भिंगरी माझ्याकडे पाहत नाही. चेंडू माझ्याकडे आला तर दुसऱ्याच मुलीला पाठवते.

आणि पुरुषांचा सामना असला की मी घरी असतो. तरुणपणापासून ज्या मैदानावर माझी दुपार गेली, तेथून येणारा गलका वाऱ्यावर आमच्या खिडकीपर्यंत येतो. परंतु गलका आपला की दुसऱ्यांचा, हे तो सांगत नाही. वीजघराविरुद्धच्या सामन्याला भिंगरी मामासोबत गेली होती. मी खिडकीतून दारापर्यंत आणि दारातून खिडकीपर्यंत फिरलो. पत्नीने अखेर खुर्चीच दारात आणून ठेवली आणि म्हणाली, "निदान बसून तरी फिरा." मी बसलो, उठलो.

जिन्यावर तिची पावले वाजली. ती दोन दोन पायऱ्या चढत होती. पण ती नेहमीच तशी चढते. ती आत आली, बूट काढले, ते भिंतीशी नीट लावून ठेवले. चेहऱ्यावर काहीही नव्हते. काचेवर एक कण राहू न देणाऱ्या मुलीला चेहराही तसाच पुसता येतो, हे मला त्या दिवशी कळले.

"काय झालं?" मी विचारले.

"ठेचेला सांगायचं नसतं."

"अगं, नुसती मान हलव."

"नियम म्हणजे नियम, बाबा." ती हात धुवावयास आत गेली. नळ सुरू झाला. पाण्याच्या आवाजात ती काहीतरी गुणगुणत होती. मी दाराशी कान लावून उभा राहिलो. परंतु ती हरल्यावरही गुणगुणते.